टाचेतला थेंब

रक्त तपासायला देऊन आलेला मनुष्य संध्याकाळी अहवालाचा कागद हाती घेतो, तेव्हा त्याची नजर प्रथम आपल्या आकड्यावर जाते आणि लगेच त्याच्या शेजारी छापलेल्या दुसऱ्या दोन आकड्यांवर. आपला आकडा त्या दोहोंच्या मध्ये बसला की जीव भांड्यात पडतो. बाहेर गेला की रात्रीची झोप उडते. असे कागद आम्हीही आजवर पुष्कळ उलगडले. परंतु ते शेजारचे दोन आकडे तिथे आले कुठून, कुणी ठरवले आणि कशाच्या आधारावर ठरवले, हा प्रश्न आमच्या मनात कधी उद्भवला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका नातीच्या निमित्ताने तो उद्भवला आणि मग हाताला लागेल ते आम्ही वाचीत सुटलो. नातीची हकिकत ओघात येईलच. त्याआधी त्या वाचनात जे गवसले ते सांगतो.

नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिथे बोर्ग्नी एगेलँड नावाची एक माता राहत होती. तिला दोन मुले. थोरली लिव्ह आणि धाकटा दाग. जन्मली तेव्हा दोघेही चारचौघांच्या बाळांसारखीच गोजिरवाणी. परंतु अंग वाढले तशी बुद्धी वाढेना. लिव्हला सहा वर्षे उलटली तरी मोजकेच शब्द येत. चार वर्षांच्या दागला ना चालता येई, ना बोलता. शिवाय दोघांच्याही लघवीला एक विचित्र कुबट वास येई. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले. वासाचे काय घेऊन बसलात, असे म्हणून सर्वांनी तिची बोळवण केली. बाई मात्र हटली नाही. शुभवर्तमानात न्यायाधीशाच्या दाराशी पुनःपुन्हा जाऊन उभी राहणारी विधवा आहे ना, तिच्याच जातकुळीची ही बाई. १९३४ साली ती आस्ब्यर्न फोलिंग ह्यांच्याकडे पोहोचली. हे गृहस्थ डॉक्टर होतेच, शिवाय रसायनशास्त्रातही मुरलेले होते.

फोलिंग ह्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. तांबूस छटा येईल अशी त्यांची अपेक्षा. आला तो गडद हिरवा रंग, आणि काही मिनिटांत तो विरूनही गेला. असला रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. एखाद्याने हे कुठल्याशा औषधाचे लक्षण मानून सोडून दिले असते. फोलिंग ह्यांनी आईला सांगितले, मुलांची सर्व औषधे आठवडाभर थांबवा आणि पुन्हा लघवी आणा. पुन्हा हिरवाच रंग. मग कित्येक लिटर लघवी लागली. ती माउली आणीत राहिली. अखेर त्या रंगाच्या मुळाशी असलेला पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती आला. पण दोन भावंडांवरून रोग सिद्ध होत नसतो. म्हणून त्यांनी मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची लघवी तपासली आणि त्यांपैकी आठ जणांत तोच हिरवा रंग सापडला. (मतिमंद हा शब्द आता कानाला बोचतो. त्या काळच्या संस्थांच्या दारांवर मात्र ह्याहूनही कठोर शब्द लिहिलेले असत.)

रोगाला पुढे फेनिलकीटोन्युरिया असे जिभेला गाठ पडणारे नाव मिळाले. त्याचे मूळ तसे साधे आहे. दूध, मांस, मासळी, डाळी ह्यांतील प्रथिनांत फेनिलअलॅनिन नावाचा एक घटक असतो. आपले यकृत एका विकराच्या साहाय्याने त्याचे रूपांतर करते. ज्या बाळाच्या अंगी ते विकर जन्मतःच नसते, त्याच्या रक्तात फेनिलअलॅनिन साचत जाते आणि वाढत्या मेंदूला जाळते. आईचे दूध हेच त्या बाळाला विष होते. आईबाप दोघेही धडधाकट असतात. दोघांकडून एकेक सदोष वारसा एकाच लेकरात एकत्र येतो, तेव्हाच हे घडते. ‘पूर्वजन्मीचे पाप’, ‘आईबापांचे कर्म’ असले शब्द अशा घरांवर किती सहजपणे फेकले जातात, हे आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात डोकावून पाहावे. पर्ल बक ह्या नोबेल पारितोषिकविजेत्या लेखिकेची एकुलती एक पोटची मुलगी ह्याच रोगाची बळी होती. बाईंनी १९५० साली तिच्यावर पुस्तक लिहिले तेव्हा आपल्या मुलीला काय झाले आहे ह्याचे नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हते. मुलीचा जन्म १९२० चा.

रोग ओळखता आला, उपाय मात्र नव्हता. तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात सापडला, आणि तिथेही एक आईच कारणीभूत ठरली. होर्स्ट बिकेल ह्या तरुण डॉक्टरांनी शीला नावाच्या दोन वर्षांच्या मुलीत हा रोग ओळखला आणि प्रामाणिकपणे सांगितले की आमच्यापाशी उपाय नाही. आईला ते पटेना. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही. अखेर बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातील प्रथिनाचे विघटन करून, कोळशाच्या साहाय्याने त्यातील फेनिलअलॅनिन काढून टाकून, त्या मुलीसाठी एक बेचव आहार तयार केला. काही महिन्यांत तिचे अखंड रडणे थांबले, ती रांगू लागली, डोळ्यांत तेज आले. तरी शंका उरली. हा गुण आहाराचा की मिळालेल्या मायेचा? ती फेडण्यासाठी त्यांनी तो पदार्थ तिच्या आहारात आईला न सांगता पुन्हा मिसळला. थोड्याच काळात मुलगी ढासळू लागली. नंतर आईच्या संमतीने हा प्रयोग पुन्हा केला गेला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध झाला. शास्त्राच्या दृष्टीने पुरावा पक्का झाला, हे खरे. परंतु आईच्या पाठीमागे तिच्या लेकराच्या अन्नात ते मिसळले जात असल्याचे वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. आजही त्याचे समर्थन आम्हाला करवत नाही.

शीलाच्या मेंदूची आधी झालेली हानी भरून आली नाही. उपाय जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हायला हवा होता. आणि खरी अडचण इथेच होती. लघवीतला तो हिरवा रंग बाळ काही आठवड्यांचे झाल्यावरच भरवशाने दिसतो, आणि तोवर मेंदूची हानी सुरू झालेली असते. म्हणजे खूण रक्तातच शोधायला हवी होती. तीही जन्मानंतर चारदोन दिवसांत, आणि लक्षण काहीच नसल्यामुळे एकूण एक बाळात. त्या काळी रक्तातील फेनिलअलॅनिन मोजायचे तर बरेच रक्त, बराच वेळ आणि बराच पैसा लागे. लाखो बाळांसाठी ते अशक्य होते.

ही कोंडी फोडली ती अमेरिकेतील बफेलो शहराच्या रॉबर्ट गथ्री ह्यांनी. ते डॉक्टर आणि जिवाणुशास्त्रज्ञ. काम करीत होते कर्करोगावर. त्यांचा दुसरा मुलगा जॉन मतिमंद होता. त्याचे कारण हा रोग नव्हे. पण त्या मुलामुळेच ते अशा मुलांच्या पालकांच्या संघटनेत गेले आणि तिथे एका सहकारी डॉक्टरांनी त्यांना गळ घातली, की आहारावर ठेवलेल्या मुलांच्या रक्तातला हा पदार्थ सहज मोजता येईल अशी काहीतरी युक्ती काढा. १९५८ साली त्यांच्या एका भाचीलाही हाच रोग असल्याचे कळले. तेव्हा ती पंधरा महिन्यांची झाली होती. पंधरा महिने म्हणजे फार उशीर.

गथ्री ह्यांची युक्ती आम्हाला एखाद्या सुगरणीच्या हिकमतीसारखी वाटते. घरी पुडिंग घट्ट करण्यासाठी चायना ग्रास वापरतात, तशाच समुद्री शेवाळापासून केलेल्या खळीचा एक थर पसरट ताटात ओतायचा. त्यात एका निरुपद्रवी जिवाणूचे बीज कालवायचे आणि सोबत फेनिलअलॅनिनचे सोंग घेतलेला एक पदार्थ. ह्या तोतयामुळे जिवाणूची वाढ खुंटते. आता बाळाच्या टाचेला सुई टोचून निघालेला थेंब टिपकागदासारख्या जाड कागदावर वाळवायचा, त्याची लहानशी टिकली कापून त्या खळीवर ठेवायची आणि ताट रात्रभर उबेत ठेवायचे. रक्तात अस्सल फेनिलअलॅनिन विपुल असेल तर तोतयाचे काही चालत नाही. जिवाणू वाढतो आणि सकाळी टिकलीभोवती पांढुरके वलय दिसते. पदार्थ जितका जास्त, तितके वलय मोठे. त्याच ताटात मधल्या ओळीत ठाऊक मापाच्या टिकल्या ठेवलेल्या असत, वाण्याच्या तराजूपाशी वजने असतात तशा. बाळाचे वलय त्यांतल्या कोणत्या वलयाशी जुळते ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. महागडे यंत्र नको. आणि वाळलेल्या रक्ताचा कागद पाकिटात घालून टपालाने पाठवता येई, हे तर सर्वांत मोठे. डोंगरकपारीतल्या प्रसूतिगृहातील बाळही त्यामुळे शहरातल्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आले.

चाचणी सुचणे निराळे आणि तिच्यावर विश्वास ठेवता येणे निराळे. गथ्री आणि त्यांच्या सहकारी आडा सूसी ह्यांनी ती प्रथम न्यूयॉर्क राज्यातील मतिमंदांच्या एका मोठ्या संस्थेत लावून पाहिली. ज्यांना हा रोग असल्याचे आधीच ठाऊक होते ते सारे तिने ओळखले. शिवाय लघवीच्या तपासणीतून निसटलेले आणखी काही जणही सापडले. मग पाळी नवजात बाळांची. तिथे नवे नवे पेच निघाले. आईला किंवा बाळाला प्रतिजैविक औषध दिले असेल, तर ते रक्तातून ताटात उतरून जिवाणूलाच मारी आणि वलय उमटतच नसे. बाळाने अजून पुरेसे दूध घेतले नसेल, तर रोग असूनही रक्त निर्दोष दिसे. म्हणून कोणत्या दिवशी टोचायचे हेही ठरवावे लागले. १९६३ सालाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेच्या २९ राज्यांतील चार लाखांहून अधिक बाळे तपासून झाली. त्यांत रोगी बाळे सापडली ३९.

दहा हजारांत एक! शंभर मेंढरांतील हरवलेले एक शोधायला निघणारा मेंढपाळ आपल्याला ठाऊक आहे. पण त्या मेंढपाळाला एक मेंढरू हरवले आहे हे तरी माहीत होते. इथे कोणते हरवणार आहे हे कळण्यासाठी दहा हजारही मेंढरांच्या अंगाला हात लावावा लागतो, आणि उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांना उगाच टोचल्याचे उत्तरही द्यावे लागते.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. निरोगी बाळाच्या शंभर मिलिलिटर रक्तात फेनिलअलॅनिन एकदोन मिलिग्रॅम असते. ज्याला खरोखर रोग आहे त्याच्या रक्तात ते वीसच्याही वर चढते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अजून चढतच असते. तेव्हा संशयाची रेषा कुठे ओढायची? विसावर ओढली, तर ज्याचा आकडा आज आठ आहे आणि पुढच्या आठवड्यात तीस होणार आहे, ते बाळ आपण निरोगी म्हणून घरी पाठवले. दोनावर ओढली, तर हजारो निरोगी बाळांच्या आयांना विनाकारण रडवले. पुष्कळ प्रयोगशाळांनी ती चारच्या आसपास ओढली. ही निवड नुसत्या गणिताने होत नाही. एका बाजूला खोटा होकार, दुसऱ्या बाजूला खोटा नकार. एकीकडे पालकांचे काही दिवस, दुसरीकडे एका मुलाचे सारे आयुष्य. कोणती चूक आपण अधिक सहन करू शकतो, हे कुणीतरी आधी मनाशी ठरवल्याशिवाय अहवालावर तो आकडा छापता येत नाही.

आमची मुलगी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. तिथे बाळ पाच दिवसांचे झाले की सुईण घरी येते, टाच टोचते आणि कागदावरची वर्तुळे रक्ताने भरून नेते. आमच्या नातीचेही असेच रक्त गेले. आठवड्यानंतर मुलीला फोन आला: थायरॉईडचा आकडा सीमारेषेवर आहे, रक्त पुन्हा घ्यावे लागेल. दुसऱ्या रक्ताचा निकाल हाती येईपर्यंत बारा दिवस गेले. आम्ही इथे वसईत. सौभाग्यवतींनी जपमाळ हाती घेतली ती खाली ठेवली नाही. बाळ झोपले तरी भीती, जास्त झोपले तर अधिक भीती. व्हिडिओवर तिचा चेहरा पाहून आम्ही उभयता नको ते अर्थ काढीत बसायचो. बाराव्या दिवशी निकाल आला. सर्व काही ठीक.

आनंद ओसरल्यावर आम्हाला संताप आला. मुलीला फोनवर म्हटले, “म्हणजे पहिली चाचणी चुकीचीच होती ना? उगाच जिवाला घोर लावला.”

ती म्हणाली, “चुकली नाही, डॅडी. रेषा मुद्दाम तिथे ओढलीय. आमच्या बारा दिवसांच्या बदल्यात कुणाचं तरी मूल वाचतं.”

सौभाग्यवतींना हे आमच्याआधी पटले. त्या म्हणाल्या, “मग आपल्या प्रार्थना त्या दुसऱ्या बाळाच्या नावे गेल्या असतील.” आम्हाला पटायला वेळ लागला, आणि त्या वेळातच हे सारे वाचन झाले.

वाचनात असेही आढळले की रेषा ओढून काम संपले नव्हते. आरंभीच्या वर्षांत काही बाळांचा आकडा थोडासाच वर असे आणि त्यांना औषधोपचाराची गरज नसे. पण हे तेव्हा कुणाला कळत नव्हते. अशा बाळांनाही तो कडक आहार दिला गेला. फेनिलअलॅनिन अजिबात नसले तरीही शरीर वाढत नाही. त्यामुळे काही मुले कुपोषित झाली, काही दगावलीसुद्धा. चाचणी सक्तीची करण्याची घाई होते आहे, असे म्हणणारे डॉक्टर तेव्हा होते आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. तिकडे पालकांच्या संघटना कायद्यासाठी आग्रह धरून होत्या. काळही त्यांना अनुकूल होता. अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दृष्ट्या अपंग होती. त्यांनी १९६१ साली ह्या विषयासाठी खास मंडळ नेमले होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९६३ मध्ये कायदा केला आणि काही वर्षांतच बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली. आमचे मत विचाराल तर पालक बरोबर होते. पण शंका घेणाऱ्यांनी शंका घेतल्या नसत्या, तर थोडा वाढलेला आकडा आणि खरा रोग ह्यांतला भेद कळायला आणखी किती बाळे खर्ची पडली असती कोण जाणे!

गथ्री ह्यांनी चाचणीपोटी स्वतःसाठी मानधन घेतले नाही. जो संच त्यांच्याकडे सहा डॉलरांत तयार होई, त्याला उत्पादक कंपनीने २६२ डॉलर किंमत लावल्याचे कळताच त्यांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे नेले आणि कंपनीचा मक्ता रद्द झाला. ते १९९५ साली वारले. त्यांचा जिवाणू आता बहुतेक ठिकाणी निवृत्त झाला आहे. त्याची जागा थेंबभर रक्तात एकाच वेळी अनेक रोगांच्या खुणा मोजणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. कागद मात्र तोच राहिला आणि टाचही तीच.

आपल्याकडे मुख्य चिंता फेनिलकीटोन्युरियाची नाही. आपल्याकडे पाहायला हवा तो जन्मजात थायरॉईडचा अभाव. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद येथे एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी करविली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर १,१३० बाळांमागे एकाला हा दोष आढळला. हा आकडा वाचून आम्ही दचकलो. एका तालुक्यात वर्षाला किती बाळे जन्मतात ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. उपाय काय, तर रोज एक लहानशी स्वस्त गोळी, चुरून, आईच्या दुधाच्या चमच्यात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली तर मूल इतरांसारखे शाळेत जाते. उशीर झाला तर बुद्धीची हानी कायमची. गोव्यात २००८ साली सरकारने नवजातांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. परंतु देशातील प्रत्येक बाळाची टाच अद्याप टोचली जात नाही. बरेचदा ती टोचायची असते हे आईबापांना सांगितलेलेच नसते.

स्नानसंस्काराची नोंद करायला लोक धर्मग्रामाच्या कचेरीत येतात तोवर ह्या चाचणीची वेळ टळून गेलेली असते. म्हणून आम्ही आमच्या धर्मगुरूंना विनंती केली की विवाहपूर्व शिबिरात ह्यासाठी दहा मिनिटे द्यावीत. त्यांनी ती दिली. गेल्या शिबिरात आम्ही जमेल तसे सांगितले: बाळ दोनतीन दिवसांचे झाले की डॉक्टरांना विचारा, चोवीस तासांत घरी सोडणार असतील तर पुन्हा कधी आणायचे ते लिहून घ्या, फोन आला तर घाबरा पण जा. मुलगे बहुतेक घड्याळाकडे पाहत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र हात वर केला.

“टाचेला फार दुखतं का हो अंकल?”

“रडते,” आम्ही म्हटले. “मिनिटभर. मग छातीशी घेतलं की थांबते.”

तिने ते वहीत लिहून घेतले.